गोचुजांग की गोचुगारू, आधी काय घ्यायचं?

टोकबोकी, म्हणजे लाल तिखट रश्शातल्या कोरियन तांदळाच्या कांड्या, करायची हुक्की आली की ऑनलाइन दोन लाल वस्तू समोर येतात, गोचुजांग ही पेस्ट आणि गोचुगारू ही पूड, आणि किंमत बघून वाटतं आत्ता एकच घेऊया, दुसरी नंतर बघू. तर गोचु म्हणजे मिरची. गारू म्हणजे पूड, ती नुसती वाळलेली मिरची, बऱ्याचशा बिया काढून जाडसर भरडलेली. आणि जांग म्हटलं की त्यात आंबवलेलं सोयाबीन आलंच. गोचुजांगमधे मिरचीपूड असते पण बारीक, शिवाय चिकट तांदूळ, मेजू म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या ढेपांची पूड, मोड आणलेले जव आणि मीठ, आणि हे सगळं मातीच्या रांजणात महिनोन्महिने मुरतं. दक्षिण कोरियातला सुनचांग तालुका ह्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. डब्यावर ते नाव दिसतं ते त्यामुळे.

डबा उघडल्यावर झाकणाखालच्या कागदाला जे चिकटलेलं असतं ते आधी चाटून बघा. पहिलं गोड, मग खारट, मग ते आंबलेल्या सोयाचं खोल काहीतरी, आणि तिखट सगळ्यात शेवटी, तेही ठसका न लावता. पेस्ट इतकी घट्ट की चमचा उभा राहतो. ही चव शेजवान चटणीत टोमॅटो सॉस आणि साखर घालून येत नाही, मी करून बघितलंय, नुसती चायनीज गाडी लागते.

उलट गोचुगारूचं काम काश्मिरी किंवा ब्याडगीवर बऱ्यापैकी भागतं, फक्त बिया काढून जाडसर वाटा, बारीक पूड घातली की रस्सा चिखलासारखा होतो. म्हणून एकच घ्यायचं असेल तर माझं मत गोचुजांग. टोकबोकी, बिबिमबाप म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, चिकनचं मॅरिनेड, सगळं त्यात होतं.

पण किमचीच, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, करायची असेल तर प्रश्नच नाही, गोचुगारू. मी पहिल्या वेळी हुशारी करून कोबीला गोचुजांग चोपडलं, दोन दिवसांनी गोडसर चिकट लगदा, कोबी फुकट गेला. सुंदुबू जिगेसारख्या, म्हणजे मऊ टोफूच्या, पातळ रश्शालाही पूडच बरी.

अजून एक, गोचुजांग थेट गरम तेलात टाकू नका, साखरेमुळे लगेच करपतं, आधी पाण्यात कालवून घ्या. घेताना मागचं लेबल वाचा, स्वस्त डब्यात कॉर्न सिरप आणि गहू जास्त असतो, ग्लुटेन चालत नसेल तर सांभाळून. तिखटाच्या 5 पायऱ्या असतात, आपल्याला मधली काहीच वाटत नाही. उघडल्यावर डबा फ्रिजमधे, गोचुगारू मात्र फ्रीझरमधे, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात रंग जातो आणि गुठळ्या होतात.