मस्टँग, चॅलेंजर की कॅमेरो : चाहत्यांशी कोणती कंपनी कशी वागते

अमेरिकेत राहून मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची ताकदवान दोन दारी गाडी, घेऊ पाहणाऱ्यासमोर आज प्रामुख्याने तीन पर्याय असतात. फोर्डची मस्टँग अजून नवी मिळते. डॉजची चॅलेंजर आणि शेव्हर्लेची कॅमेरो यांचे उत्पादन डिसेंबर २०२३मध्ये थांबल्यामुळे त्या बहुधा वापरलेल्याच घ्याव्या लागतात. अश्वशक्ती आणि वेगाचे तक्ते कोठेही वाचायला मिळतात, म्हणून येथे निकष वेगळा घेतला आहे. मसल कार घेणारा माणूस ती वर्षानुवर्षे बाळगतो, तिच्यात आपल्या पसंतीचे बदल करतो, आणि या काळात कंपनी त्याची किती कदर करते यावर त्याच्या हौसेचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही अवलंबून असतात.

चाहत्यांपुढे नमते घेतल्याचे सर्वांत ठळक उदाहरण फोर्डचेच आहे. १९८०च्या दशकात माझदाच्या तंत्रावर आधारलेली, पुढच्या चाकांना शक्ती देणारी गाडी मस्टँगच्या जागी आणण्याचे कंपनीने जवळजवळ ठरवले होते. बातमी फुटताच मालकांनी निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला. अखेर ती गाडी ‘प्रोब’ या नावाने विकली गेली आणि मागच्या चाकांवर चालणारी मस्टँग टिकली. तरीही कंपनी दरवेळी ऐकतेच असे नाही. २०१९मध्ये ‘मस्टँग’ हे नाव एका विजेच्या एसयूव्हीला दिल्यावर जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली, आणि फोर्डने ते नाव कायम ठेवले. मात्र २०२२च्या सप्टेंबरमध्ये डेट्रॉइटला सातव्या पिढीची मस्टँग सादर करताना मालकांना आपापल्या गाड्या घेऊन बोलावण्यात आले, आणि ५.० लिटरचे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन व हाताने बदलायचे सहा गिअर या दोन्ही गोष्टी शाबूत होत्या. गाडी मुद्दाम घसरवण्याचा सराव करणाऱ्यांसाठी हँडब्रेकच्या आकाराचा इलेक्ट्रॉनिक ‘ड्रिफ्ट ब्रेक’ही देण्यात आला. कारखान्यातून असे काही मिळणे म्हणजे हौशी मंडळी अंगणात काय उद्योग करतात याकडे कंपनीचे लक्ष असल्याची खूण आहे.

त्याच गाडीची उणी बाजूही येथेच सांगितली पाहिजे. नव्या मस्टँगची इलेक्ट्रॉनिक रचना अधिक बंदिस्त असल्यामुळे इंजिनच्या संगणकात फेरफार करणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे, आणि ज्याला स्वतः ट्यूनिंग करायचे आहे त्याला २०१५ ते २०२३ या काळातील सहावी पिढी अधिक सोयीची पडेल. ज्याला तयार मालच हवा आहे त्याच्यासाठी मिशिगनमधील रौश आणि लास व्हेगासमधील शेल्बी अमेरिकन हे बांधणीकार आहेत. त्यांच्या बऱ्याच गाड्या फोर्डच्या डीलरकडूनच विकल्या जातात, त्यामुळे तक्रार घेऊन जायचे ठिकाण बदलत नाही. बाहेरून बसवलेल्या भागामुळे संपूर्ण वॉरंटी रद्द झाल्याचे डीलरने सांगितले, तर ते मुकाट्याने मान्य करू नये. १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार बिघाड त्या भागामुळेच झाल्याचे कंपनीला दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने मात्र प्रदूषण मंडळाच्या मान्यतेचा क्रमांक पाहिल्याशिवाय सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राला, हात लावू नये. जाता जाता एवढेच, की या तिघींपैकी उजव्या बाजूचे स्टिअरिंग कारखान्यातूनच मिळते ते फक्त मस्टँगला, आणि म्हणूनच २०१६मध्ये ती भारतात ६५ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला अधिकृतपणे विक्रीस आली.

डॉजने चाहत्यांचे लाड केले तसे इतर दोघांनी केले नाहीत, हे मोकळेपणाने मान्य करावे लागते. २०१५च्या चॅलेंजर हेलकॅटला ७०७ अश्वशक्तीचे इंजिन आणि दोन प्रकारच्या किल्ल्या मिळाल्या : लाल किल्लीने पूर्ण ताकद, तर काळ्या किल्लीने सुमारे ५०० अश्वशक्ती. २०१८च्या डीमन या मॉडेलमध्ये वजन वाचवण्यासाठी चालकाशेजारचे आसनच काढून टाकले होते आणि ज्याला ते हवे असेल त्याला ते एका डॉलरला परत मिळत होते. हा विनोद सरळ पट्ट्यावर शर्यती लावणाऱ्या ड्रॅग रेसिंगवाल्यांनाच कळणारा होता, आणि तो त्यांच्यासाठीच केलेला होता. डीलर अव्वाच्या सव्वा भाव लावणार हे ओळखून, छापील किमतीत किंवा त्याहून कमी दरात नोंदवलेल्या गाड्या आधी बांधण्याचे धोरणही कंपनीने जाहीर केले. त्याने अनेक डीलरांना आळा बसला नाही, हा भाग वेगळा. शेवटच्या ‘लास्ट कॉल’ मालिकेतील ‘ब्लॅक घोस्ट’ ही गाडी तर डेट्रॉइटच्या एका वाहतूक पोलिसाच्या १९७०च्या काळ्या चॅलेंजरच्या स्मरणार्थ काढली होती. तो रात्री वुडवर्ड ॲव्हेन्यूवर शर्यती जिंकून गायब होत असे. गल्लीबोळातली अशी दंतकथा अधिकृत मॉडेल म्हणून बाजारात आणायला आपल्या गिऱ्हाइकाची नस ठाऊक असावी लागते.

आणि याच कंपनीने पुढच्याच वर्षी व्ही-८ बंद करून, कृत्रिम आवाज काढणारी ‘चार्जर’ नावाची विजेची गाडी त्याच गिऱ्हाइकांपुढे ठेवली. लाडावलेल्या चाहत्यांना ती पचली नाही. नंतर सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आले, आणि २०२५मध्ये हेमी हे व्ही-८ इंजिन डॉजच्या भगिनी कंपनी रॅमच्या पिकअप ट्रकमध्ये परतले. पण चॅलेंजर गेली ती गेलीच. वापरलेली हेलकॅट घेण्यापूर्वी विमा कंपनीकडून दर आधी लेखी घ्यावा, कारण अमेरिकेतील चोरीच्या दाव्यांच्या आकडेवारीत हेलकॅट गाड्या अगदी वरच्या क्रमांकावर राहिल्या आहेत. यावर डॉजने २०२१मध्ये एक सुरक्षा-प्रणाली दिली : चार अंकी संकेत टाकल्याशिवाय इंजिन मिनिटाला ६७५ फेऱ्यांच्या वर जात नाही आणि चोराच्या हाती तीन अश्वशक्तीही लागत नाही. पाहिलेल्या गाडीत ही सुधारणा बसवली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे आणि चालवून पाहावे.

कॅमेरोबद्दल थोडक्यात सांगता येते. चालवायला तिघींत ती सर्वांत चांगली आहे, असे माझे मत आहे : हलका सांगाडा, वळणावरची पकड, आणि १ एलई पॅकेज घेतले तर ट्रॅकवर सरळ उतरवण्याजोगी बांधणी. खिडक्या मात्र इतक्या अरुंद, की पार्किंगमध्ये मान मोडते. २०१९च्या एसएस या जोरदार आवृत्तीचे काळ्या पट्टीचे नाक चाहत्यांना आवडले नाही, तेव्हा शेव्हर्लेने पुढच्याच वर्षी ते बदलले. म्हणजे कंपनीला ऐकू येत होते. पण २००२मध्ये कॅमेरो बंद करून २००९मध्ये परत आणणाऱ्या आणि २०२३मध्ये पुन्हा गुंडाळणाऱ्या कंपनीच्या शब्दावर किती विसंबायचे, हा प्रश्न उरतोच. दिलासा इंजिनाचा आहे. त्याच घराण्यातील ६.२ लिटरची इंजिने कॉर्व्हेटमध्ये आणि लाखो पिकअप ट्रकमध्ये असल्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारे मेकॅनिक कोठेही मिळतील.

त्यामुळे दहा वर्षे रोज चालवण्यासाठी व वॉरंटीसह गाडी हवी असेल तर मस्टँग घ्यावी. ट्रॅकवर जाणाऱ्याने कॅमेरो १ एलई शोधावी. चॅलेंजर घ्यायचीच असेल, तर ‘लास्ट कॉल’च्या फलकासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा साधी ६.४ लिटरची स्कॅट पॅक अधिक शहाणपणाची ठरेल.

१९६०-७०च्या दशकांतील जुनी गाडी घेणाऱ्यासाठी मात्र हा क्रम कागदपत्रांवर ठरतो. फोर्डने १९६७पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी वापरण्याचा परवाना ॲरिझोनातील मार्टी ऑटो वर्क्सला दिला आहे, त्यामुळे गाडी कोणत्या रंगात आणि कोणत्या इंजिनासह बाहेर पडली हे थोड्या शुल्कात समजते. १९७०च्या चॅलेंजरच्या ओळख-क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिन सांगते, आणि ते ‘आर’ असेल तर ते ४२६ घनइंची हेमी होय. पहिल्या पिढीच्या कॅमेरोच्या क्रमांकात मात्र फक्त सहा सिलिंडर की आठ एवढेच कळते, एसएस आहे की नाही ते कळत नाही, आणि म्हणून बनावट एसएस बाजारात मुबलक आहेत. मूळ विक्रीची पावती किंवा कारखान्याचा कागद विक्रेत्याने दाखवला नाही, तर अशी गाडी साध्या व्ही-८ कॅमेरोच्या भावानेच मागावी.