बॅककंट्री हट पास: बारा महिने आणि १९ हट

न्यूझीलंडच्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनचा, म्हणजे तिथल्या निसर्ग-संवर्धन खात्याचा, बारा महिन्यांचा बॅककंट्री हट पास मी गेल्या वर्षी घेतला होता. डोंगरातल्या आडवाटांवर भटक्यांना रात्र काढायला असलेल्या साध्या निवाऱ्यांना तिथे ‘हट’ म्हणतात आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी या पासावर राहता येते. माझ्या पासाची मुदत नुकतीच संपली. त्याच्या जोरावर १९ हटमध्ये मिळून २६ रात्री काढल्या, दोनदा अर्ध्या वाटेतून मागे फिरले आणि एकदा पुरामुळे एकाच हटमध्ये दोन दिवस अडकून पडले. पास घ्यावा का, असे ओळखीचे लोक विचारतात तेव्हा मी आधी उलट विचारते, की हटमध्ये गेल्यावर तुम्हाला काय काय मिळेल असे वाटते?

हे विचारावे लागते, कारण ‘हट’ हा शब्द तिथे फार निरनिराळ्या वास्तूंना लावला जातो. खात्याकडे अशा साडेनऊशेहून अधिक हट आहेत. मिलफर्ड किंवा रूटबर्नसारख्या ‘ग्रेट वॉक’, म्हणजे सर्वांत नावाजलेल्या, वाटांवरच्या हटचे आरक्षण आधी करावे लागते, हंगामात तिथे रेंजर असतो आणि स्वयंपाकाला गॅसही असतो. दुसऱ्या टोकाला ‘बिव्ही’ असतात. दोन माणसे आडवी होतील एवढाच तो पत्र्याचा खोका. त्यांतल्या काहींमध्ये ताठ उभेही राहता येत नाही आणि म्हणूनच तिथले जुने भटके त्यांना ‘डॉग बॉक्स’ म्हणतात. पास उपयोगी पडतो तो या दोहोंच्या मधल्या, कमी-अधिक सोयींच्या ‘सर्व्हिस्ड’ आणि ‘स्टँडर्ड’ प्रकारच्या हटसाठी. ग्रेट वॉकच्या हट त्यात येत नाहीत, गर्दीच्या ज्या सर्व्हिस्ड हटना आरक्षण सक्तीचे आहे त्यांतल्याही काही येत नाहीत आणि ‘बेसिक’ प्रकारच्या हटना मुळात शुल्कच नाही. तेव्हा ज्यांना केवळ ग्रेट वॉक करायचे आहेत त्यांनी हा पास घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. वर्षाकाठी दोन-तीन रात्रीच बाहेर पडणाऱ्यांना सुटी तिकिटे पुरतात.  पास सहा महिन्यांचाही मिळतो आणि एका उन्हाळ्यापुरते जाणाऱ्यांनी तोच घ्यावा.

पास घेतला म्हणजे बंक, अर्थात झोपायची फळी, राखून ठेवला, असा मात्र त्याचा अर्थ नाही. आधी येईल त्याला बंक मिळतो, उशिरा येईल तो जमिनीवर पथारी पसरतो, पण अंधारात भिजून आलेल्या माणसाला जागा नाही असे कोणी म्हणत नाही. लांब सुटीच्या एका शनिवारी २० बंकांच्या हटमध्ये आम्ही ३१ जण होतो. जेवणाच्या बाकाखाली मला जागा मिळाली आणि पहाटे चारला निघणाऱ्या मंडळींच्या हेडटॉर्चचा झोत आळीपाळीने माझ्या तोंडावर पडत राहिला. याचा दोष मी हटला देणार नाही; शनिवार निवडला तो मीच.

या हट इतक्या आडरानात कशा आल्या, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे खरे मोल कळत नाही. वटवाघळे वगळता न्यूझीलंडच्या भूमीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपियन वसाहतकऱ्यांनी शिकारीच्या हौसेपायी तांबडी हरणे आणून सोडली. त्यांना खाणारे कोणी नव्हते आणि रानातल्या कोवळ्या रोपांनाही चरणाऱ्या जनावरांची सवय नव्हती. हरणे बेसुमार वाढली, उतार उघडे पडू लागले, तेव्हा १९३० पासून सरकारने पगारी शिकारी नेमून हरणे मारायला सुरुवात केली. हे काम १९५६ मध्ये वन खात्याकडे गेले आणि पुढच्या दीड दशकात शिकाऱ्यांना राहता यावे म्हणून ठरावीक आराखड्यांनुसार शेकडो हट उभ्या राहिल्या. म्हणूनच त्या देखाव्यासाठी निवडलेल्या जागी नसून दोन ओढ्यांच्या संगमावर, झाडी जिथे संपते त्या रेषेवर किंवा खिंडीच्या अलीकडे सापडतात. शिकाऱ्याच्या दिवसभराच्या चालीच्या हिशेबाने त्या जागा धरलेल्या आहेत आणि आजही त्या चालणाऱ्याच्या दिवसात बरोबर बसतात. १९८७ मध्ये संवर्धन खाते स्थापन झाले तेव्हा हा सगळा वारसा त्याच्याकडे आला.

सगळ्याच हट शिकाऱ्यांच्या नाहीत. तारारुआ डोंगररांगेतली फील्ड हट तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब या भटक्यांच्या मंडळाने १९२४ मध्ये केवळ हौशी भटक्यांसाठी बांधली आणि ती आजही उभी आहे. काहुरांगी राष्ट्रीय उद्यानातल्या ॲस्बेस्टॉस कॉटेजमध्ये हेन्री आणि ॲनी चॅफी हे जोडपे १९१४ पासून १९५१ पर्यंत जगापासून दूर राहिले. त्या घरात रात्री पडल्या पडल्या छताच्या लाकडांकडे बघताना, संसाराची इतकी वर्षे एवढ्या जागेत कशी मावली असतील, याचेच मला नवल वाटत राहिले.

पुरात अडकले ती हट यांच्या मानाने अगदी सामान्य होती. चार बंक, नारिंगी रंगाचा पन्हाळी पत्रा, एक खिडकी, लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. छतावरचे पाणी पन्हळीतून टाकीत जाते; नळ टाकीला, बाहेर. शौचकूप वीस पावलांवर, आणि पावसात ती वीस पावलेही नको वाटतात. दुपारी पोचलो तेव्हा सरपणाची खोली रिकामी होती. तिथला अलिखित नियम असा, की जाताना पुढच्यासाठी कोरडे लाकूड आणि मूठभर ढलप्या शेगडीजवळ ठेवून जायचे. आमच्या आधीच्या मंडळींनी शेवटचा ओंडकाही जाळला होता आणि शेगडीत अर्धवट वितळलेली प्लास्टिकची पाकिटे टाकून दिली होती. करवत होती, पण इतकी बोथट की मनगटाएवढी फांदी कापायला माझ्या मैत्रिणीला पाऊण तास लागला. ओले लाकूड शेगडीभोवती रचून, दर दहा मिनिटांनी उलटून, रात्री नऊला कुठे जाळ नीट धरला.

दुसऱ्या दिवशी ओढा उतरेना. नदी-ओढे ओलांडताना तिथे पूर्वीपासून इतकी माणसे दगावली, की बुडून मरण्याला एके काळी ‘न्यूझीलंडचा मृत्यू’च म्हणत. त्यामुळे थांबण्याबद्दल आमच्यात वाद झाला नाही. वेळ काढायला हटची वही उघडली. प्रत्येक हटमध्ये अशी वही असते. कुठून आलात, कुठे जाणार, किती जण, पास आहे की तिकीट, हे त्यात लिहायचे असते, आणि मुक्काम करणार नसलात तरी लिहायचे असते, कारण कोणी हरवले तर शोधपथक आधी तीच वही पाहते. मागची पाने चाळताना त्याच ओढ्यापाशी अडकलेल्यांच्या सात नोंदी सापडल्या. एकाने लिहिले होते की पाऊस थांबल्यावर पाणी सहा-सात तासांत ओसरते. दुसऱ्याने हटपासून वर अर्ध्या तासावर ओढा दोन धारांत फुटतो ती जागा चितारून ठेवली होती. तिसऱ्या सकाळी आम्ही त्या चितारलेल्या जागीच पाय घातला आणि पाणी मांड्यांच्या खालीच राहिले. पासाच्या पैशांत मिळालेल्या सगळ्या गोष्टींत मी ही वही पहिली धरते. ती फाडून शेगडी पेटवणारेही असतात, हे मी एका हटमध्ये पाहिले आहे आणि त्याबद्दल सभ्य भाषेत लिहिणे मला जमणार नाही.

वाटांविषयी थोडेसे. पाट्यांवर बहुतेक ठिकाणी अंतराऐवजी वेळ दिलेला असतो. झाडांच्या मुळांवरून, निसरड्या शेवाळावरून आणि तीन तारांच्या पुलांवरून जाताना किलोमीटर काही सांगत नाहीत, त्यामुळे ही पद्धत मला रास्त वाटते. फक्त सॅक जड असेल तर दिलेल्या वेळेत एक चतुर्थांश भर घालावी. चालू वाटांवर नारिंगी प्लास्टिकचे त्रिकोण ठोकलेले असतात. जुन्या वाटांवर खिडकीच्या पडद्याच्या ॲल्युमिनियम पट्ट्या कापून लावलेल्या खुणा अजून दिसतात, आणि त्या दिसेनाशा झाल्या की मागे वळून शेवटची खूण शोधणे हेच शहाणपणाचे. संकटकाळी उपग्रहाला संदेश पाठवणारा बीकन भाड्यानेही मिळतो. ज्या दुकानातून मी पहिल्यांदा तो घेतला तिथे बॅटरीची मुदत संपलेला नग माझ्या हातात ठेवला होता, तेव्हा तारीख स्वतः वाचून घ्यावी. बूट रात्री आत घ्यावेत. दक्षिण बेटावरचे किआ पोपट लेसच काय, टाचेचे रबरही कुरतडतात आणि वेका पक्षी मोजा उचलून झुडपात पसार होतो.

हट मोजत हिंडणे हा तिथे रीतसर छंद आहे. काहींची मोजदाद शेकड्यांत जाते. मीही यादी ठेवते, पण सहाव्या-सातव्या हटनंतर माझ्या लक्षात आले की आकडा वाढवण्याच्या नादात मी दुपारी दोनला पोचून, चहा घेऊन, पुढच्या हटकडे पळत होते. त्यानंतर जिथे रात्र काढली नाही ती हट यादीत धरायची नाही, असा नियम केला. त्यामुळे आकडा १९ वर राहिला.

उणिवा सांगायच्या तर मोठी उणीव ही, की शुल्कातून एवढा पसारा सांभाळला जाणे शक्य नाही आणि ते दिसते. लोकप्रिय हट नव्या होतात; आडवाटेवरच्या कित्येक हट स्वयंसेवक स्वतः पत्रे, खिळे आणि रंग वाहून नेऊन टिकवून ठेवतात. दुसरी उणीव पासाचीच. कोणत्या हट त्यात येतात आणि कोणत्या नाहीत, हे दर हंगामात नव्याने तपासावे लागते. वर्षभरात माझा पास एका रेंजरने एकदाच पाहिला. बाकी सगळा व्यवहार वहीतल्या प्रामाणिक नोंदीवर चालला होता.

नवा पास मी घेतला आहे, यंदाही बारा महिन्यांचाच. पहिल्या फेरीत त्याच चार बंकांच्या हटमध्ये जायचे आहे, आणि तिथे ठेवून येण्यासाठी सॅकमध्ये एक नवी घडीची करवत टाकली आहे.