शंभर पीसची ड्रिल किट: मशीन झकास, पेटीतलं बाकी भंगार

आठ महिने वापरून मग लिहितेय, कारण ऑनलाइन जे पाच स्टार दिसतात ते बहुतेक पार्सल उघडल्या उघडल्या दिलेले असतात, भिंतीत होल एकानेही पाडलेलं नसतं.

तर झालं असं की नाशिकला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो, पडद्यांचे रॉड, दोन शेल्फ, घड्याळ, बाथरूमचा टॉवेल रॉड, असं सगळं लावायचं होतं, इलेक्ट्रिशियनने एका होलचे ८० रुपये सांगितले, ते पण चाललं असतं पण तो "येतो येतो" करत तीन रविवार आलाच नाही. मग वैतागून मीच किट मागवली, अडीच हजाराला. ६०० वॅटची इम्पॅक्ट ड्रिल, १३ एमएमचा चक (बिट पकडणारा पुढचा जबडा), आणि सोबत "१०० पीस". त्यातले साठेक तर गिट्ट्या (होलमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या नळ्या, स्क्रू त्यात बसतो) आणि स्क्रूच निघाले, तेही मोजलेत त्यांनी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, अशा पेट्या पाच-सहा कंपन्यांच्या मिळतात आणि आतला माल बघितला तर सख्खी भावंडं वाटतात. सासूबाई पेटी बघून एवढंच म्हणाल्या, "आता रंधा तेवढा आणायचा राहिला."

पहिल्याच दिवशी हॉलच्या खिडकीवर पडद्याचा ब्रॅकेट लावायला घेतला. स्टुलावर चढले, पेन्सिलने खूण केली, हातोडीच्या चिन्हावर, म्हणजे हॅमर मोडवर, बटण सरकवलं आणि दाबलं. प्लास्टर लोण्यासारखं गेलं, दीडेक सेंटीमीटर, आणि पुढे ठप्प. मी आपली जोर लावतेय, मशीन बोंबलतंय, जळका वास यायला लागला, बिट बाहेर काढून बघते तर टोक निळं-काळं पडून गोल झालेलं. म्हणलं मशीनच फालतू आहे, रिटर्न करू.

रिटर्न करायच्या आधी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या काकांना ते बिट दाखवलं. त्यांनी हातात घेऊन नुसतं फिरवलं आणि विचारलं, "ताई, खिडकीच्या वर मारत होता ना?" मी उडालेच. तर खिडकीच्या वर लिंटेल असतं, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी काँक्रीटची आडवी पट्टी, कधी कधी थेट बीमच. म्हणजे नवीन घरात माणूस पहिलं होल पाडतो पडद्यासाठी आणि तीच घरातली सगळ्यात कडक जागा! काकांनी ६ एमएमचं चांगलं कार्बाइड टीपवालं एकच बिट दिलं, ९० रुपये. आणि सांगितलं की अंगाचा भार टाकू नका, थोडं मारा, बिट बाहेर काढून भुकटी झाडा, थांबा, परत मारा, आणि तापलं म्हणून पाण्यात बुडवू नका, टीप सुटते. घरी आले, तेच मशीन, तीच भिंत, पाच मिनिटांत होल. तेव्हा मशीनला दिलेल्या शिव्या परत घेतल्या.

तेव्हापासून होल पाडताना भुकटी बघायची सवय लागलीये. लाल आली तर वीट, डोळे झाकून जा पुढे. करडी आणि बिट हटून बसलं तर काँक्रीट. मधेच किंचाळल्यासारखा आवाज आला तर सळई लागली, तिथे मर्दुमकी नको, दोन-तीन सेंटीमीटर बाजूला घ्या. पांढरट, मऊ, पिठासारखी आली की समजायचं सिपोरेक्स ब्लॉक, म्हणजे विटेऐवजी वापरतात तो हलका, सच्छिद्र ब्लॉक. आमची किचनची भिंत तीच निघाली आणि तिथे किटमधली गिट्टी स्क्रूबरोबर गोल गोल फिरायला लागली. तिथे हॅमर मोड बंद ठेवायचा, बारीक बिट वापरायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी घालायची. हे शहाणपण शेल्फ एकदा डब्यांसकट खाली आल्यावर आलंय. चार किलो डाळ पण गेली त्यात.

बाथरूमच्या टाइलला पण हॅमर चालत नाही, आधी मास्किंग टेप चिकटवून साध्या मोडवर हळू टाइल पार करायची. एक तडकलीये, साबणाच्या स्टँडमागे लपवलीये, कोणाला सांगू नका.

आता पेटीतल्या बाकी मालाबद्दल. गिट्ट्या मऊ. स्क्रू असे की स्क्रूड्रायव्हरने जरा पिळलं की खाचाच जातात. हातोडीचं डोकं तिसऱ्या आठवड्यात हलायला लागलं. सगळ्यात डेंजर म्हणजे लेव्हल बॉटल. तिच्यावर विश्वास ठेवून पुस्तकांचं शेल्फ लावलं, बुडबुडा बरोब्बर मधे, आणि वर पेन्सिल ठेवली तर ती घरंगळत खाली. लेव्हल खरी आहे का ते बघायची युक्ती सोपीये, एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग तिथेच डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून ठेवा, दोन्ही वेळा तोच आला पाहिजे. आमचा आला नाही. मेजर टेप आणि पक्कड मात्र अजून शाबूत आहेत.

मशीनचं वजन माझ्या हाताला जड नाही, स्पीड ट्रिगरवर कमी-जास्त होतो, साइड हँडल घट्ट बसतं. वायर आखूड आहे, एक्स्टेंशन बोर्ड लागतोच. चकची चावी मी सुतळीने वायरलाच बांधून टाकलीये, नाहीतर ती नेमकी कामाच्या वेळी सोफ्याखाली. बिट बदलताना प्लग काढायचाच, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत होल मारायचं नाही, वायरिंग बहुतेक तिथूनच गेलेलं असतं. कचरा नको असेल तर होलच्या खाली जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट तोंड उघडं ठेवून टेपने चिकटवा, सगळी भुकटी त्यात पडते. गीझर मात्र मी लावला नाही, तो माणूस बोलावूनच लावला.

माझं ऐकाल तर नुसतं मशीन घ्या आणि ६ आणि ८ एमएमची दोन चांगली बिटं, ३५ एमएमचे स्क्रू आणि गिट्ट्या कोपऱ्यावरून आणा, किटपेक्षा पाच-सहाशे वाचतील. मशीनला साडेचार स्टार, पेटीला दीड, तोही पकडीमुळे.

मशीन सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, परवापासून. बिटं दिली नाहीत.