फ्लॉरेन्स: घुमट चढावा की घंटाघर?

दोन्हीकडे पायऱ्याच. इथल्या कॅथेड्रलवरच्या, वास्तुकार ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला ४६३, शेजारच्या जॉत्तोच्या घंटाघराला ४१४. घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. त्याच्या दोन कवचांमधल्या अरुंद जिन्यातून वर जाताना हा डोलारा कसा पेललाय ते अगदी जवळून कळतं. वाटेत चित्रकार वसारीने सुरू केलेलं आणि झुक्कारीने संपवलेलं ‘अंतिम निवाड्या’चं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतल्या जगाच्या शेवटच्या न्यायाचं, प्रचंड भित्तिचित्रही समोर येतं. पण वेळ आधीच आरक्षित करावी लागते. घंटाघरात मधले मजले आहेत, म्हणजे कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची सोय. माथ्यावर मात्र जाळी, फोटोवाले वैतागतात. तरी एकच निवडायचं तर मी घंटाघर निवडेन, कारण घुमट दिसतो तो तिथूनच. बंद जागेची धास्ती असलेल्यांनी तर घुमटाच्या जिन्याचं नावच काढू नये.