मुलाखतीसह गाणी, की एकट्याची मैफल?

स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारा एखादा ज्येष्ठ कलाकार ‘गप्पा आणि गाणी’ असा कार्यक्रम जाहीर करतो, तेव्हा समोर मुलाखतकार असणार की तो एकटाच बोलणार-गाणार, हे जाहिरातीत बऱ्याचदा कोपऱ्यात असतं. तिकीट काढण्याआधी तेवढं बघाच. मी दोन्ही प्रकार आवडीने ऐकत आलोय.

एकट्याच्या प्रकाराला जुनी परंपरा आहे. ‘द किंक्स’ या ब्रिटिश रॉक बँडच्या रे डेव्हिसने १९९४ मध्ये आत्मचरित्र आल्यावर त्यातले उतारे वाचत, मधे गाणी म्हणत कार्यक्रम केले. त्यावरूनच १९९६ मध्ये व्हीएच-वन या अमेरिकी संगीतवाहिनीची अशाच कार्यक्रमांची मालिका सुरू झाली. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने तर २०१७-१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, हजाराहून कमी खुर्च्यांच्या नाट्यगृहात, असे २३६ प्रयोग केले. पण इथे सगळं बेतलेलं असतं. काल जिथे हशा आला, तिथेच आजही येतो. शिवाय कलाकार सांगेल तेवढंच तुम्हाला कळणार. बँड का फुटला, मधली काही वर्षं एकही गाणं का सुचलं नाही, हे तो सफाईने गाळू शकतो.

तयारीचा मुलाखतकार नेमका तिथेच बोट ठेवतो. कलाकाराची दोन-चारच गाणी ऐकलेला माणूस सोबत येणार असेल, तर मुलाखतीचा कार्यक्रम त्याला सोपा जाईल. गळ्यालाही तो बरा. वय झाल्यावर गाणी एखाद-दुसरा सूर खालच्या पट्टीत घेतली तरी दोन तास सलग बोलणं-गाणं कष्टाचंच असतं. समोरचा प्रश्न विचारतो तेवढी उसंत तरी मिळते. (प्रश्न लांबला की जास्तच मिळते.)

एवढं असूनही माझा कल एकट्याच्या कार्यक्रमाकडे आहे, आणि त्याचं कारण क्षुल्लक वाटेल: सोफा.

मुलाखतीत दोघं सोफ्यावर बसतात, हातात बोलायचे मायक. गाण्याचा मायक आणि गिटार पलीकडे. गाणं कसं सुचलं ते कलाकार रंगवून सांगतो. स्टेशन, पाऊस, न पाठवलेलं पत्र. सभागृह कानात प्राण आणून ऐकतंय. तेवढ्यात मुलाखतकार म्हणतो, ‘मग ऐकूया का ते गाणं?’ टाळ्या. कलाकार उठतो, पट्टा गळ्यात अडकवतो, वायर लावताना ‘खर्र’ होतं. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरलेल्या, त्या जुळवणं आलं. गाणं सुरू होईपर्यंत ते पत्र कुणाला होतं हे माझ्या डोक्यातून निघून गेलेलं असतं. हे दर गाण्याला.

एकटा कलाकार गिटार मांडीवरून खाली ठेवतच नाही. बोलता बोलता बोटं तारांवर फिरत असतात, एकच कॉर्ड हळू वाजत राहतो, आणि किश्श्याचं शेवटचं वाक्य कधी संपलं आणि पहिली ओळ कधी सुरू झाली हे कळतसुद्धा नाही. तारा जुळवायच्या तर तेही तो बोलताना उरकतो. तोच किस्सा मी पुन्हा ऐकला तेव्हाही त्या वळणावर अंगावर काटा आला.

अर्थात मुलाखतकार कसा आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. काही जण मोजकं विचारून गप्प बसतात. तसा कुणी असेल तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवा. आधीच्या प्रयोगाचे फोटो मिळाले तर मात्र एवढं पाहा: कलाकाराच्या खुर्चीसमोरच गाण्याचा मायक आहे का, आणि गिटार हाताशी आहे का. असेल, तर मुलाखतीच्या कार्यक्रमालाही खुशाल जा. नसेल आणि दोन्हींपैकी एकाचंच तिकीट परवडणार असेल, तर मी एकट्याच्याच कार्यक्रमाचं काढेन.