दहा-बारा जणांची सहल: न्यू ऑर्लीन्स की सांता फे?

नायगारा, ग्रँड कॅनियन, डिस्ने सगळ्यांचं बघून झालं, की मित्रमंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच, "आता जरा वेगळी अमेरिका बघू." मग ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही शहरं अमेरिका हा देश जन्माला येण्याआधीची. न्यू मेक्सिको राज्यातलं सांता फे स्पॅनिशांनी १६१० मध्ये वसवलं, लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लीन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये. मॉल आणि हायवेच्या पलीकडचं काही बघायचं असेल तर दोन्हीकडे भरपूर आहे. निवड करताना माझ्या मते दोनच गोष्टी विचारायच्या: मंडळी दिवसभर एकत्र हिंडणार की पांगणार, आणि शाकाहारी किती?

न्यू ऑर्लीन्समध्ये ग्रुप फुटला तरी बिघडत नाही. फ्रेंच क्वार्टर, म्हणजे शहराचा सगळ्यात जुना भाग, पायी हिंडण्याजोगा आहे. सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम १८३५ पासून चालू आहे आणि सव्वा डॉलरमध्ये जुन्या ओक झाडांखालून, मोठमोठ्या वाड्यांसमोरून फिरवून आणते. ज्याला इतिहासाचं वेड त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोडून द्यावं, तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. (हे संग्रहालय इथंच का? नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी याच शहरात बनल्या.) बाकीच्यांनी कॅफे द्यू माँदमध्ये पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये (तळलेले, फुगलेले गोड तुकडे) आणि चिकोरीची कॉफी घेत बसावं. रात्री फ्रेंचमेन स्ट्रीटवर जॅझ ऐकायला सगळे एकत्र. फक्त तिथल्या बऱ्याच जागा म्हणजे बार, त्यामुळे २१ वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. मुलं असतील तर प्रिझर्व्हेशन हॉलची तिकिटं आधीच काढा. छोटीशी जुनी खोली, सगळ्या वयांना प्रवेश, तासाभराच्या आत कार्यक्रम संपतो.

शहराबाहेर एकच जागा सुचवेन, व्हिटनी प्लांटेशन. साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. आजूबाजूच्या मळ्यांवर मालकांच्या हवेल्या दाखवतात. इथं २०१४ पासून गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची बाजू सांगतात. ते ऐकलं की शहरातलं जेवण आणि संगीत कुठून आलं हेही उमगतं.

आता जेवण, आणि इथंच गाडी अडते. गंबोत (इथला दाट रस्सेदार पदार्थ) भेंडी असते हे खरं, पण रस्सा कोंबडीचा नाहीतर कोळंबीचा. 'रेड बीन्स अँड राइस' म्हणजे आपला राजमा-भात समजून आई-बाबा खूश होतात, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. शिंपले, कोळंबी, खेकडे, क्रॉफिश. मालवणी माणूस इथं आठवडाभर आनंदात राहील.

सांता फेमध्ये चित्र उलटं. न्यू मेक्सिकोचं सगळं जेवण मिरचीभोवती फिरतं. हॉटेलात 'लाल की हिरवी?' विचारतात, आणि हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, थट्टा नाही. दोन्ही हव्या असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. चीज एंचिलाडा, निळ्या मक्याच्या टॉर्टिया, घेवड्याची उसळ, वर मध घालून खायची सोपापिया (टम्म फुगलेली पुरीच म्हणा ना). शाकाहारी माणूस इथं पोटभर जेवतो. मात्र सॉसमध्ये मांसाचा रस्सा किंवा घेवड्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारायलाच हवं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हिरव्या मिरच्या मोठ्या जाळीच्या पिंपात भाजतात, आणि तो वास बाजारभर दरवळत असतो. जायचं तर तेव्हाच.

पण पांगण्याची सोय इथं कमी. गावातला चौक, चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांचं संग्रहालय आणि गव्हर्नरांच्या राजवाड्याच्या ओसरीत दागिने विकायला बसलेले आदिवासी कारागीर हे पायी होतं. (तिथं खरेदी करा. वस्तू घडवणाऱ्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडूनच घेता येते.) खरी मजा बाहेर आहे: चिमायोवरून ताओसचा डोंगरी रस्ता, बँडेलियरमधली कड्यातली घरं, लॉस अलामोसचं अणुबॉम्बविषयीचं संग्रहालय. त्यासाठी भाड्याच्या व्हॅन हव्यात, आणि सकाळी एकाने अंघोळीला वेळ लावला की सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय उंची सुमारे ७,००० फूट. पहिल्या दिवशी डोकं दुखू शकतं, धाप लागते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेले आई-बाबा बरोबर असतील तर डॉक्टरांना विचारूनच तिकिटं काढा.

निम्म्याहून जास्त मंडळी शाकाहारी असतील तर मी डोळे मिटून सांता फे म्हणेन. मासे खाणारे, संगीताचे शौकीन, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असा गोतावळा असेल तर न्यू ऑर्लीन्स. ह्यूस्टनच्या लोकांना तिथं आय-१० वरून सहाएक तासांत गाडीनंच जाता येतं, हा आणखी एक फायदा.

तारखा जपून निवडा. न्यू ऑर्लीन्सचा जुलै-ऑगस्ट घामाचा, त्यात वादळांचा हंगाम. मार्डी ग्रा या तिथल्या कार्निव्हलला (२०२७ मध्ये ९ फेब्रुवारी) खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सांता फेजवळच्या अल्बुकर्कीत बलून फिएस्टा (गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव) असतो, तेव्हा तिकडेही तीच गत. आणि ताओस प्वेब्लो हे आदिवासींचं जुनं गाव यादीत असेल तर आधी चौकशी करा. तिथं आजही लोकवस्ती आहे, आणि धार्मिक विधींसाठी हिवाळ्याच्या शेवटी ते पाहुण्यांना काही आठवडे बंद असतं.