खुर्चीवरच्या नंबरावर विश्वास ठेवला

चंदीगडची जुनी सागवानी खुर्ची विकत घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझे १ लाख ४५ हजार रुपये गेले आणि घरात आली ती फार तर दोन-तीन वर्षांपूर्वी बनवलेली नक्कल. मी काही अगदीच न वाचता, न विचारता गेले नव्हते. विकणाऱ्याने सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि तिथेच मी फसले.

ज्यांना या खुर्च्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ल कॉर्ब्युझिए या स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकाराने चंदीगडची आखणी केली, पण तिथे वर्षानुवर्षं राहून काम केलं ते त्याच्या चुलतभावाने, पिएर जानरेने. १९५१ ते १९६५ तो तिथे होता. कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी लागणारं फर्निचर त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी आखलं. युली चौधरी त्यांतल्याच एक. साग, वेत आणि कंपासासारखे फाकलेले पाय. पुढे ही खुर्ची मोडकी, जुनी, अडगळ ठरली आणि सरकारी लिलावांत भंगाराच्या भावाने गेली. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी ती उचलली, दुरुस्त केली आणि परदेशातल्या लिलावांत ती हजारो डॉलरला विकली जाऊ लागली. एवढा फरक दिसला की नकला येणारच.

माझे वडील साठच्या दशकाच्या शेवटी दोन वर्षं चंदीगडला पंजाब विद्यापीठात होते. ग्रंथालयात वेताच्या खुर्चीवर बसून रात्री उशिरापर्यंत वाचायचो, असं ते नेहमी सांगायचे. ते गेल्यावर मला तशी एक खुर्ची घरात हवी होती. मी हे सगळं त्या विक्रेत्याला फोनवर सांगितलं. कुठलं विद्यापीठ, कुठली इमारत, कुठली वर्षं, सगळं. तो अगदी आपुलकीने ऐकत होता. म्हणाला, "ताई, सध्या माझ्याकडे विद्यापीठाची नाहीये. पण शोधतो तुमच्यासाठी." बारा दिवसांनी त्याचा फोन आला. खुर्ची मिळाली होती, मागच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या रंगात 'पी. यू.', त्यापुढे ग्रंथालयाची खूण आणि नंबर. फोटो पाहताना माझे डोळे भरून आले. आज वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. तुम्हाला नेमकं काय हवंय हे विक्रेत्याला आधी सांगू नका. त्याच्याकडे काय आहे ते त्यालाच आधी सांगू द्या.

मी प्रत्यक्ष जाऊन खुर्ची पाहिली. शंकाही विचारल्या. हाताच्या दोन्ही पट्ट्यांची जाडी थोडी वेगळी होती. तो म्हणाला, या खुर्च्या कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या नाहीत, वेगवेगळ्या कार्यशाळांत वेगवेगळ्या सुतारांनी हाताने बनवल्या, फरक असणारच. हे खरं आहे. वेत नवा कसा, असं विचारलं. तो म्हणाला, साठ वर्षांत वेत दोन-तीनदा तरी बदलला जातोच. हेही खरं. पुरातन वस्तू म्हणून नोंदणी लागत नाही का? १९७२ च्या कायद्यात वस्तू शंभर वर्षं जुनी असावी लागते, ही तेवढी जुनी नाही. हेही खरं! प्रत्येक खऱ्या उत्तराबरोबर माझी एकेक शंका मिटत गेली. पण नीट पाहिलं तर त्याच्या एकाही उत्तरातून ही खुर्ची अस्सल आहे असं सिद्ध होत नव्हतं. ती अस्सल असू शकते, एवढंच काय ते निघत होतं. हाताने बनवलेल्या वस्तूत फरक असतात, हे वाक्य अस्सल खुर्चीलाही लागू पडतं आणि कालच्या नकलेलाही.

कागदही दाखवला. सरकारी विल्हेवाटीच्या पत्राची झेरॉक्स, तारीख २०१४ ची. मी शिक्का पाहिला, सही पाहिली, समाधान झालं. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ सालीच चंदीगडच्या या वारसा फर्निचरची विक्री आणि लिलाव थांबवण्याचा आदेश दिला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो कागद खरा असता, तर खुर्ची माझ्या घरात येणंच गैर होतं. आणि खोटा असेल तर खोटाच. दोन्हीकडून मी अडचणीत. तुम्हाला कुणी कागद दाखवला तर आधी तारीख पाहा. मग मूळ प्रत मागा. त्या लिलावात घेणारा कोण, त्याच्याकडून पुढे कुणाकडे गेली, याची साखळी विचारा. मधली एखादी कडी 'एका ओळखीच्या माणसाकडून' अशी असेल, तर तिथे साखळी तुटली असं समजा.

खोटेपणा उघड झाला तो चार महिन्यांनी. खुर्ची करकरायला लागली म्हणून आमच्या नेहमीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांना जानरे माहीत नाही, चंदीगडला ते कधी गेले नाहीत. त्यांनी खुर्ची उलटी करून जमिनीवर ठेवली, पायांच्या तळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही किती जुनी म्हणालात?"

मी म्हटलं, "साठ वर्षं."

"मग ही साठ वर्षं कुणी ओढलीच नाही."

कचेरीतली खुर्ची रोज मागे-पुढे सरकते. त्यामुळे पायाच्या तळाच्या कडा घासून गोल होतात, त्याही एकसारख्या नाही. माझ्या खुर्चीच्या चारही पायांच्या कडा करवतीने कापल्यासारख्या धारदार होत्या, फक्त वरून काळपट रंग लावलेला. मग त्यांनी हातांच्या पट्ट्या दाखवल्या. तिथे झीज होती, पण अगदी सगळीकडे सारखी, पॉलिश पेपरने घासल्यासारखी. माणसाचा तळवा टोकाशी टेकतो, कोपर मागे टेकतं, मधला भाग कमी झिजतो. बैठकीखालचे दोन स्क्रू त्यांनी काढले तर वरून गंजवलेले स्टार स्क्रू, आत दांडी चकचकीत. त्यावरून काही ठरत नाही, दुरुस्तीत स्क्रू बदलतात, असं तेच म्हणाले. बैठकीचा वेत मात्र चौकटीच्या भोकांतून हाताने विणलेला नव्हता. तयार विणलेली जाळी खाचेत दाबून वरून पट्टी ठोकली होती, आणि चौकटीत जुनी भोकं बुजवल्याची खूणही नव्हती. वेत नवा असू शकतो. चौकटीला मागची एकही विणाई आठवू नये, हे कसं?

मी शेवटचा आधार म्हणून नंबराकडे बोट दाखवलं. काकांनी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. पट्टीवर एक लांब ओरखडा होता, नंबरावरून आरपार गेलेला. नंबर आधी आणि ओरखडा नंतर असता, तर ओरखड्यात रंग खरवडून निघून लाकूड दिसलं असतं. इथे पांढरा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत उतरला होता. आधी ओरखडा पाडला, मग नंबर छापला. मी ती पट्टी शेकडो वेळा पुसली होती. दर वेळी फक्त अक्षरं वाचली.

म्हणून सांगते, नंबर वाचायचा तो सगळ्यात शेवटी. आधी खुर्ची उलटी करा. दुकानदार नको म्हणाला तर उठून या. पाय, सांधे, वेताची चौकट, हात जिथे टेकतो ती जागा, या सगळ्यांवर एकाच वयाची झीज दिसते का ते पाहा. शक्य असेल तर एखाद्या अनुभवी सुताराला सोबत न्या. खुर्चीचं नाव त्याला सांगू नका, फक्त "किती जुनी असेल?" एवढंच विचारा.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो जराही गडबडला नाही. "ताई, मी बिलात असं काही लिहिलंय का?" खरंच नव्हतं. बिलावर होतं, 'लाकडी वेताची जुनी खुर्ची, १ नग'. जानरे, चंदीगड, विद्यापीठ हे शब्द सगळे बोलण्यात होते, लेखी एकही नाही. बिलावर आखणाऱ्याचं नाव, अंदाजे साल आणि 'नक्कल निघाल्यास पूर्ण रक्कम परत' हे लिहून घ्या. नवी खुर्ची नवी म्हणून उघडपणे बनवून विकणाऱ्यांविषयी माझी काही तक्रार नाही. तशी हवी असेल तर तीच घ्या, निम्म्याहून कमी पैशांत चांगली मिळते. माझा संताप आहे तो माझ्या वडिलांच्या आठवणीवरून नंबर छापणाऱ्यावर.

ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. बिलामुळे बाजू कमकुवत आहे असं वकीलबाई म्हणाल्या. मग गेल्या महिन्यात त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली, यावेळी खुर्ची उच्च न्यायालयाची. फोटो मोठा करून पाहिला. माझ्या खुर्चीवरच्या नंबरात आठचा खालचा गोल डावीकडे तुटलेला आहे, साचा तिथे फाटला असावा. जाहिरातीतल्या नंबरातही आठ होता, आणि तो तिथेच तुटलेला होता. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून मी तक्रारीला जोडले आहेत. पुढची तारीख जूनमधली आहे.